आत्तीची उलटी कापणी

ये गं, जवळ सर. अशी एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून ऐकायची ही गोष्ट नाही. आणि तुझी खोड मला चांगली ठाऊक आहे. लांडगा कुठं आला तेवढं विचारायचं, आणि त्याच्या आधीचं गवत, विळे, पेंढ्या असलं काही निघालं की तोंडावर हात धरून जांभई द्यायची. आज तसं चालायचं नाही. आज आधी गवत ऐकायचं. चूक गवतात झाली, लांडगा मागाहून आला. आणि चूक करणारी मी. तेव्हा दहा वर्षांची होते, फार तर अकरा.

माझं माहेर विट्याच्या पूर्वेला, माळावरचं गाव. पाऊस कमी, विहिरीला पाणी त्याहून कमी. पण ज्या साली पाऊस बरा व्हायचा त्या साली आमच्या गवताच्या रानात मी उभी राहिले तर बाहेरून दिसायची नाही, एवढं गवत. दोन-अडीच एकरांचा तो तुकडा, खालच्या अंगाला झाडझुडपांनी भरलेली ओघळ, आणि रानाच्या बरोबर मध्यावर बोरीचं एक झुडूप. दिवाळी झाली की ते गवत कापायचं, वाळवायचं, गंजी लावायची. बैलांचा अख्खा उन्हाळा त्या गंजीवर.

लढाईचे दिवस होते. वडील पलटणीत, कुठल्या मुलखात ते पत्रावर लिहिलेलं नसे. त्यामुळं घर, रान, बैल, सगळं आत्तीच्या अंगावर. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरी आली आणि मग तिनंच आमचं घर धरून ठेवलं. आवाज मोठा, हात त्याहून मोठा, पण मारलेला मला आठवत नाही.

या आत्तीची गवत कापायची एक रीत होती, आणि त्या रीतीवरून अख्खं गाव आम्हाला हसायचं. सगळे लोक रानाच्या कडेनं कापायला लागतात. गोल गोल कापत मध्ये यायचं, शेवटी मध्यावर गवताचं एक बेट उरतं. रानातलं जे काही जिवंत असेल, ससे, तित्तर, लाव्हऱ्या, साप, सगळं सरकत सरकत त्या बेटात गोळा होतं. मग काठ्या घेऊन माणसं उभी राहतात आणि त्या संध्याकाळी बऱ्याच चुलींवर सागुती शिजते.

आत्ती उलटं करायची. विळ्याच्या पाठीनं दगडावर टणटण वाजवत, मोठ्यानं काहीबाही बोलत ती एका पायवाटेनं थेट मध्यावरच्या बोरीपाशी जायची. आम्ही मागोमाग. पाण्याची घागर, भाकरीची फडकी, लहान पोरं, सगळं बोरीच्या सावलीला ठेवायचं आणि तिथून कापत कापत बाहेर यायचं. ओघळीच्या कडेचं दोन हात रुंद गवत तर कापायचंच नाही, बी गळेपर्यंत उभं ठेवायचं. कापणाऱ्या बायांना हे आवडायचं नाही. आत जाता-येता गवत तुडवलं जातं, तुडवलेलं गवत विळ्यात नीट येत नाही, आणि शेवटी ससा तर नाहीच.

कुणी विचारलं की आत्ती म्हणायची, "कडंनं कापत आलं की समदी आत आत सरकत्यात. शेवटाला जाणार कुठं? मधनं निघालं की आपल्या पायानं बांधाकडं जात्यात. आपलं गवत आपल्याला, त्यांचा जीव त्यांना."

मला मात्र लाज वाटायची. पाणवठ्यावर पोरी मला "उलट्या घरची" म्हणायच्या.

त्या वर्षी कापणी ठरली आणि नेमकी आई बाळंतीण. आत्तीला विट्याच्या बाजाराला जाणं भाग होतं, कारण घरात मीठ नव्हतं आणि रॉकेल येणार अशी आवई उठली होती. निघताना ती मला म्हणाली, "बाया आल्या की त्यास्नी बोरीपाशी न्यायचं, मधनं सुरू करायला सांगायचं. बारकीला संगं ने. आईजवळ ठेवलीस तर तिला निजू द्यायची न्हाई."

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण, तीन वर्षांची. मी तिला काखेला मारून दिवस वर येतानाच रानात गेले. दर वर्षीच्या सवयीनं थेट बोरीपाशी गेले आणि तिला तिथं बसवलं. बोरं अजून हिरवीच होती, पण तिला खेळायला पुरेशी होती. घागर ठेवली, फडकं ठेवलं आणि बाया आल्या का बघायला बांधावर आले.

बाया आल्या. चौदाजणी. त्यांच्यातली म्होरकी एक उंच, दात पुढं असलेली, लय बोलकी बाई. मला बघून ती हसली.

"काय मालकीणबाई, आज तुमीच व्हय? मग काय हुकूम? सरळ कापायचं का आत्तीवाणी उलटं?"

सगळ्या हसल्या. मला कुणी मालकीणबाई म्हणायची ती पहिलीच वेळ. आणि त्या हसण्यात मला पाणवठ्यावरच्या पोरींचं हसणं ऐकू आलं.

"सरळ कापा," मी म्हणाले.

"आत्ती काय म्हणंल?"

"आत्ती काय बघाय येतीया?"

एवढंच. एवढ्या दोन वाक्यांत सगळं झालं. बारकी मध्ये बसली आहे हे मला ठाऊक होतं, पण ते मला धोक्याचं वाटलंच नाही. बारकी दर वर्षी तिथंच बसायची. फक्त दर वर्षी माणसं तिच्याभोवती असत, आणि आज माणसं कडेला होती. हा फरक माझ्या डोक्यात शिरला नाही.

न्याहारीच्या वेळी मी आत जाऊन तिला भाकरीचा तुकडा दिला. ती रडवेली झाली होती, मागं येते म्हणाली. मला तर बांधावर मालकीणबाई व्हायचं होतं. मी तिला दटावलं, "हितनं हललीस तर लांडगा धरंल. वरडलीस तरी धरंल. गप बस." तिनं तोंडावर हात ठेवला. मी बाहेर आले.

दुपार कलली तेव्हा निम्म्याहून जास्त रान मोकळं झालं होतं. मला बारकीची आठवण झाली आणि मी पुन्हा आत निघाले. पंधरा-वीस पावलं गेले असेन. पुढं गवतात काहीतरी हललं. वारा नव्हता. मी थांबले. गवताच्या काड्यांमधून दोन कान दिसले. कुत्र्याचे असते तर इतके स्थिर राहिले नसते. मग एक आवाज आला, घशातल्या घशात, रिकामं जातं फिरावं तसा. तो मी आणि बोर यांच्या मध्ये होता.

मी मागं कशी आले ते मला सांगता यायचं नाही. बांधावर आले तेव्हा माझ्या कोपराला कुसळं टोचून रक्त आलं होतं.

"काय झालं गं?" म्होरकीनं विचारलं.

"काय न्हाई."

"बारकी कुठाय तुमची? सकाळधरनं दिसली न्हाई."

"घरी. आईपाशी."

बघ, आता तू माझ्याकडं अशी बघतेस. मी स्वतःकडं आजवर तशीच बघत आले आहे. खरं का सांगितलं नाही? भीतीनं. लांडग्याच्या भीतीनं म्हणावं, तर बाहेर चौदा विळे होते. भीती अशी होती की मी बोलले की ते खरं होईल. गप्प राहिले तर कदाचित बारकी आपली आपण उठून चालत येईल. दहा वर्षांच्या पोरीला असं वाटू शकतं. मी प्रत्येक काडीकडं बघत होते, कुठून तिचं लाल झबलं दिसतं का म्हणून. हाक मारावी तर ती उत्तर द्यायला ओरडेल, आणि ओरडलीस तर लांडगा धरेल हे मीच तिला सांगून ठेवलेलं.

आणि बाया कापत होत्या. हात चालत होते, गप्पा चालल्या होत्या, कुणाची सून, कुणाची म्हैस. दर फेरीला गवत आत सरकायचं. मी म्हणाले, पाणी प्या. त्या प्यायल्या आणि पुन्हा लागल्या. मी एकीचा विळा पेंढीखाली लपवला. तिनं हसत शोधून काढला. शेवटी मी म्हणाले, "आता ऱ्हाऊ द्या. उरलेलं उद्या कापू."

"आता व्हय?" म्होरकी म्हणाली. "सश्याच्या तोंडाशी येऊन? काय मालकीणबाई, एवढ्यात दमलासा?"

मध्यावरचं बेट आता आपल्या खळ्याएवढं राहिलं होतं, बोरीचा शेंडा तेवढा वर दिसत होता. बेट दिसायला लागलं की गावातली माणसं येतातच. तिघेजण आले, काठ्या घेऊन, दोन कुत्री घेऊन. एक तर आल्या आल्या म्हणाला, "काय वं, आज आत्तीबाई न्हाई वाटतं? मग आज आमचंबी पोट भरणार!"

कुत्रं सोडलं. ते गवतात घुसलं, आणि शेपूट पायांत घालून बाहेर आलं. दुसरं तर घुसलंच नाही. अंगावरचे केस उभे करून उभं राहिलं. माणसांचं हसणं थांबलं.

"ससा न्हाई ह्यो," एकजण म्हणाला. "लांडगा हाय."

"मग पेटवू या. वारं खालच्या अंगाला हाय. भायेर पडला की तिघं तीन बाजूला."

त्यानं मुंडाशातून काडेपेटी काढली. काड्याही मिळत नव्हत्या त्या दिवसांत. पेटीत तीन काड्या होत्या, त्यानं त्या मोजून दाखवल्या आणि एक ओढली. ती विझली. दुसरी त्यानं हाताच्या ओंजळीत धरली.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. म्होरकीनं मला खांद्याला धरून हलवलं आणि विचारलं, "कोण हाय आत?"

"बारकी."

"कवाधरनं?"

"सकाळधरनं."

त्या माणसाचं बोट भाजलं तरी त्यानं काडी गवतात पडू दिली नाही. मग एकदम सगळे बोलायला लागले. एकजण काठी घेऊन आत धावणार, तोच दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं. एक बाई रडायला लागली. कुणी म्हणालं, समद्यांनी एकदम आत शिरा. कुणी म्हणालं, त्यो चवताळला तर पहिली तीच सापडंल. आणि आतून काहीच आवाज नाही. रडण्याचा नाही, काहीच नाही. मला वाटलं, संपलं.

दिवस कासराभर राहिला होता. बाजाराची माणसं त्याच वेळी आमच्या बांधाकडच्या गाडीवाटेनं परततात, त्यांत आत्ती होती. डोक्यावर पाटी. गर्दी बघून ती वाट सोडून रानात आली. कापलेलं रान बघितलं, मधलं बेट बघितलं, माझं तोंड बघितलं. तिला फार सांगावं लागलं नाही. म्होरकीनं चार शब्द सांगितले. आत्तीनं पाटी खाली ठेवली.

"कुत्री धरा," ती हळू म्हणाली. "तोंडाला मुंडासं बांधा. आणि कुणी वरडू नका."

"आवं, आत शिरायला पायजे..."

"शिरून काय करशील? चारी बाजूनं रान बोडकं केलंया तुमी. त्यो भायेर पाय टाकंल का? जाऊ म्हटलं तर वाट कुठाय त्याला? आधी वाट करा."

मग तिनं जे करायला लावलं ते मी तिच्या आधी कुणी केलेलं बघितलं नव्हतं. कापलेल्या पेंढ्या उचलायच्या, तीन-तीन एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. अशा दोन रांगा, मध्ये माणूस आडवा झोपेल एवढी जागा, बेटापासून थेट ओघळीच्या झुडपांपर्यंत. उभ्या पेंढ्यांची गल्लीच म्हण. चौदा बाया, तीन गडी आणि मी, कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं. बेटाच्या जवळच्या पेंढ्या आत्तीनं स्वतः उभ्या केल्या. मी दुसऱ्या टोकाला, ओघळीकडं. माझ्या हातातली पेंढी दोनदा पडली.

झाल्यावर आत्ती सगळ्यांना वरच्या अंगाला घेऊन आली. वारा आमच्या पाठीवरून बेटाकडं जात होता. "आपला वास लागू दे त्याला. म्हंजे त्यो तिकडंच निघंल," ती म्हणाली. आणि आम्ही खाली बसलो.

किती वेळ बसलो? मला विचारशील तर ते बसणं अजून संपलेलं नाही. पहिल्यांदा तित्तरांची एक ओळ मान खाली घालून गल्लीतून पळाली. मग ससा. मग आणखी एक, तो लंगडत होता, कुणाचा तरी विळा लागलेला. मग काहीच नाही. मग पेंढ्यांची रांग एका जागी हलली, पुढच्या जागी हलली, आणि दोन पेंढ्यांच्या फटीतून मला राखाडी पाठ दिसली. तो पळत नव्हता. पोट जमिनीला लावून चालला होता. ओघळीची झुडपं हलली आणि थांबली.

तो काठीवाला उठायला लागला. आत्तीनं त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं. "थांब. एकटा नसंल."

आणि दुसरा निघाला. त्यानंतरही तिनं आम्हाला उठू दिलं नाही. तिसरा आहे की नाही, कुणास ठाऊक.

शेवटी ती एकटी उठली. विळ्याच्या पाठीनं दगडावर वाजवलं, टण, टण, आणि रोजच्या मोठ्या आवाजात बोलत चालू लागली. "बारके, अगं शेव आणलीया बाजारातनं. रॉकेल न्हाईच मिळालं बघ. निस्तं मीठ आणि शेव. खातीस न्हवं?" गवतात शिरली. टणटण ऐकू येत होतं. मग ते थांबलं. आत्तीचा आवाजही थांबला.

मी डोळे मिटून घेतले. म्होरकीनं माझं डोकं तिच्या मांडीत दाबून धरलं. तिच्या लुगड्याला गवताचा आणि घामाचा वास होता, तो अजून माझ्या नाकात आहे.

आत्ती बाहेर आली तेव्हा बारकी तिच्या कडेवर होती. अंगभर कुसळं, डोळे टक्क उघडे, आणि तोंडावर स्वतःचे दोन्ही हात घट्ट. हात काढायला गेलो तर काढू देईना. मी जवळ गेले. तिनं माझ्याकडं बघितलं, एक हात बाजूला केला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मी वरडले न्हाई."

आत्तीनं मला मारलं नाही. ते उरलेलं बेट त्या साली कुणी कापलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती मला हाताला धरून तिथं घेऊन गेली. बोरीखाली भाकरीचा तुकडा तसाच पडला होता, मुंग्या लागलेल्या. आणि तिथून दहा हातांवर गवत दबून दोन वाटोळी घरटी झाली होती. आत्ती तिथं उकिडवी बसली, दबलेल्या गवतावर हात ठेवून.

"लांडगं दिसभर हितं पडून व्हतं," ती म्हणाली. "इळ्यांचा आवाज जवळ जवळ येतोय, आणि हलायची सोय न्हाई. तुझी भनबी तसंच. पोर त्यांच्या भ्यानं, ते तुमच्या भ्यानं."

पुढच्या साली तीच दातवाली म्होरकी कुणी न सांगता दगडावर विळा वाजवत बोरीपाशी गेली. बाकीच्या गावानं काही रीत बदलली नाही. कुठं कुठं दोन-चार रानं मधून कापली जायला लागली, एवढंच.

आता तू म्हणशील, झालं ते झालं, पोर वाचली, एवढं घाबरायचं काय? अगं, मी लग्न होऊन उंब्रजला आले. इथं गवत नाही, ऊस. आणि उसात आता बिबट्याची मादी पिल्लं घालते. तोडीची टोळी येते, चारी कडांनी तोडत आत जाते, कुणी तर पाचट आधी पेटवून देतं, आणि टोळीतल्या बायांची पोरं बांधावर, सऱ्यांत, कुठंही निजवलेली असतात. दर साली तोड लागली की मला ते बेट दिसतं. मी लेकाशी भांडून ठेवलं आहे. एका बाजूनं तोडायला लागायचं, ओढ्याकडं सरकत न्यायचं. ओढ्याकडच्या शेवटच्या चार सऱ्या एक रात्र उभ्या ठेवायच्या, जे असेल ते निघून जाईल. पेटवायचं नाही. ओढ्याच्या काठची करंजं आणि घाणेरी साफ करायची नाही. आणि तोड सुरू करायच्या आधी टोळीतली पोरं एका जागी मोजून बसवायची, बाजेवर, आमच्या डोळ्यांसमोर. लेक हसतो, पण करतो. कारण मी सबंध दिवस बांधावर खुर्ची टाकून बसते.

यंदा गुडघे उचलत नाहीत. डॉक्टर रानात जाऊ नका म्हणतो. लेक म्हणतो, मी बघतो आई, पण त्याला साखर कारखान्याची गाडी पुढं दिसते, टोळीला घाई असते, आणि कुणीतरी हसत विचारणारच, सरळ तोडायचं का तुमच्या आईवाणी? त्या वेळी तिथं कुणीतरी उभं पाहिजे, ज्याला लोकांच्या हसण्याची लाज वाटणार नाही. मला रात्रीची झोप नाही या विचारानं.

तोड पौषात लागेल म्हणतात. तू आता तुझ्या घरी जाशील, पण त्याच्या आधी परत ये. आठ दिवस राहा. पोरं मोजायला तू बस, सऱ्या कुठल्या ठेवायच्या ते मी इथून सांगेन. निघायच्या आदल्या दिवशी निरोप धाड, म्हणजे लेकाला स्टँडवर पाठवते. पण ये गं, लवकर ये.